अंकुशच्या चित्रातली जमीन

अड्याळमध्ये शकुनबाई गोंडानेचं घर कुठे, असं विचारलं की समोरचा माणूस उलट विचारायचा, "कोणती शकुन? सारवणवाली का?" लग्न असो, नामकरण असो, नाहीतर कुणाकडे मुलगी पाहायला पाहुणे यायचे असोत, अंगण सारवायला तिलाच बोलावणं जायचं. सारवता तर सगळ्याच बायकांना येतं, त्यात काय एवढं, असं ज्यांना वाटतं त्यांनी तिचं अंगण पाहिलेलं नाही. शेण किती, माती किती, पाणी किती हे तिच्या हाताला कळायचं. घरात सारवताना समोरच्या भिंतीपासून सुरुवात करून ती उकिडवी मागे मागे सरकत यायची, हात अर्धगोल फिरवत, आणि एकाशेजारी एक पंखे जमिनीवर उमटत जायचे. शेवटचा पंखा उंबरठ्याशी संपायचा आणि ती दाराबाहेर. मग वाळेपर्यंत कुणाची आत पाय टाकायची छाती नव्हती. प्रत्यक्ष सरपंच आला असता तरी तिने त्याला बाहेर उभं केलं असतं.

तिच्या उजव्या हाताला करंगळीशेजारचं बोट नव्हतं. अंकुश पोटात होता त्या साली धान मळताना ते हडंब्याच्या, म्हणजे मळणीयंत्राच्या, पट्ट्यात गेलं. त्यामुळे तिच्या सारवणात बोटांच्या दोन ओळी जवळजवळ, मग एक रिकामी जागा, मग करंगळीची एकटी बारीक ओळ, असं असायचं. ही खूण गावभर ओळखीची होती. कुणाचंही अंगण पाहून बाया सांगायच्या, हे शकुनचं आहे.

अंकुश तिचा थोरला, हर्षा धाकटी. नवरा हिरालाल हर्षा पाच वर्षांची असतानाच गेला. अंकुशला सिकलसेल होता. आईच्या रक्तातलं थोडं आणि बापाच्या रक्तातलं थोडं एकत्र आलं की असं होतं, हे दवाखान्यातल्या बाईंनी तिला नीट समजावून सांगितलं होतं, आणि शकुनबाईने त्यातलं आपलं तेवढं लक्षात ठेवलं. पोराचे सांधे धरले की तो कळवळायचा, दोन-दोन दिवस उठायचा नाही. मग ती जमिनीवर गोधडी घालून त्याला निजवायची. तो एक हात गोधडीबाहेर काढून वाळलेल्या सारवणातल्या ओळींवरून बोट फिरवत राहायचा. एक पंखा संपला की दुसरा. दुखणं ओसरून झोप लागेपर्यंत तेच चालायचं.

एकदा, सहा-सात वर्षांचा असेल, त्याने विचारलं, "आई, मंधातली जागा काहून खाली सोडते तू?"

"तुह्यासाठी सोडतो बाप्पा," ती गमतीने म्हणाली. "तू भर."

पोरांना गंमत सांगू नये, ती खरी धरतात. दुसऱ्या खेपेला तिने सारवलं, बाहेर येऊन हात धुतले, वळून पाहते तर हा पोट्टा उंबरठ्यावर पालथा पडलेला. हात आत घालून दाराजवळच्या पंख्यात, ओल्यातच, आपल्या बोटाने एक वाकडी ओळ ओढत होता. पाठीत धपाटा बसला. पण त्यानंतर ती दरवेळी सारवायची आणि दरवेळी तो उंबरठ्याशी टपून बसायचा, आणि शेवटच्या पंख्यात चौथी ओळ त्याची असायची. पुढे तिने धपाटा मारणं सोडून दिलं.

शेतीचं काम त्याला झेपण्यासारखं नव्हतं. रोवणीच्या चिखलात अर्धा दिवस उभा राहिला तर चार दिवस अंथरुणात. तो चित्रं काढायचा. शाळेच्या भिंतीवर काढली, विहाराच्या कमानीवर काढली, मग नागपूरला चित्रकलेच्या शाळेत गेला, आणि शिकून झाल्यावर तिथेच एका कलादालनात नोकरीला लागला. नोकरी काय, तर दाराशी खुर्ची टाकून दिवसभर बसायचं आणि चित्रांना कुणी हात लावत नाही ना ते पाहायचं. शकुनबाईला हे काही केल्या पटेना.

"धानाले राखण लागते गा, रानडुकरं येतात म्हणून," ती म्हणायची. "चित्रायले काय येते?"

"काहीच येत नाही आई," तो हसायचा. "माणसंबी येत नाहीत. मी एकटाच बसून राहतो."

हे एकटंच बसून राहणं तिला आवडलं नव्हतं. पण खुर्ची होती, सावली होती, चिखल नव्हता. आणखी काय पाहिजे?

दरम्यान घरकुल मंजूर झालं. भिंती विटांच्या झाल्या, वर स्लॅब पडला, पण आतली जमीन ती सारवायचीच. त्याच सुमारास अंकुशचा मित्र, त्याच्यासोबत शिकलेला कमलेश, अड्याळला येतो म्हणून मागे लागला होता. अंकुश फोनवर आईला म्हणाला, "आत्ता नोको, मंग आणीन त्याले." एवढंच. पण शकुनबाईच्या डोक्यात ते घर करून बसलं. पोराला लाज वाटते. शहरातला दोस्त, तो शेणाच्या जमिनीवर कसा बसेल? तिने कुणाला विचारलं नाही, पोराला तर नाहीच नाही. रोवणीची, कापणीची आणि गावभरच्या सारवणाची जमवलेली पुंजी काढली आणि घरभर टाईल्स बसवल्या. पांढऱ्या, मधे निळं फूल असलेल्या. आयुष्यभर लोकांची अंगणं सारवून मिळवलेल्या पैशाने तिने आपल्याच घरातलं सारवण बंद केलं, आणि तेही किती हौसेने.

संक्रांतीच्या पुढेमागे अंकुश घरी आला. काखेत कागदांची मोठी वही होती. दारात आला आणि उंबरठ्यावरच थांबला.

"आई, जमीन?"

"टाईल लावली ना," शकुनबाई म्हणाली. तिला वाटलं, आनंदाने त्याला बोलणं सुचत नाहीये. "आता आण तुह्या दोस्तायले. कोणालेबी आण."

तो आत आला. खाली बसला. टाईलवरून हात फिरवला, एकदा इकडून, एकदा तिकडून. "मस्त झाली," म्हणाला. वही त्याने उघडलीच नाही. संध्याकाळी जेवताना मात्र म्हणाला, "आई, अंगणात तरी एक डाव सारवून दाखव ना. मी बसतो समोर."

आणि इथे शकुनबाईने ते केलं, ज्यासाठी तिने पुढे स्वतःला कधी माफ केलं नाही. ती हसली. म्हणाली, "आता कायले शेणात हात घालाले लावतं? पोरगा नागपूरचा, घरात टाईल, अन् मायचे हात अजून शेणातच, लोक काय म्हणतीन?" शेजारच्या बेबीबाईच्या गोठ्यात शेण हवं तेवढं होतं. एका टोपल्याचं काम होतं, अर्ध्या तासाचं. पण तिला वाटलं, आपण पोराचा मान राखतोय.

"राहू दे," अंकुश म्हणाला. दुसऱ्या दिवशीच्या बसने तो गेला.

मार्चमध्ये त्याला पुन्हा दुखणं लागलं. ते छातीत उतरलं. हर्षा आणि शकुनबाई नागपूरला पोचल्या तेव्हा तो बोलत नव्हता, आणि तिसऱ्या दिवशी गेला. सत्तावीस वर्षांचा होता.

महिन्याभराने कमलेश त्याचं सामान घेऊन आला. कपडे, रंगांची पेटी, आणि काच बसवलेल्या चौकटीतलं एक मोठं, आडवं चित्र. "शेवटचं हेच काढलं त्यानं," कमलेश म्हणाला. "दोन महिने लागला होता काकू याच्या मागं."

घरात अंकुशचा धड फोटो नव्हता. एक होता तो आधारकार्डावरचा, तो पाहून अंकुश स्वतःच हसायचा. गेलेल्या माणसाचं काहीतरी भिंतीवर हवं ना? म्हणून शकुनबाईने बुद्धांच्या आणि बाबासाहेबांच्या तसबिरींच्या खाली, दाराच्या वर, अंकुशचं चित्रच लावलं. आणि मायलेकींच्या रडून सुजलेल्या डोळ्यांना त्यात नीट काही दिसायच्या आधीच, तसबिरीला घालतात तसा त्याला हार घातला. बाजारात मिळाला त्यातला सगळ्यात चांगला, जाड, भरगच्च, प्लास्टिकच्या फुलांचा. चित्र आडवं, म्हणून हार दोन टोकांच्या खिळ्यांना अडकवला. मधोमध तो लोंबायचा आणि चित्राचा खालचा अर्धा भाग झाकून टाकायचा. वरचा अर्धा दिसायचा. पांढऱ्या भिंती, भिंतींवर टांगलेली चित्रं, उंच खिडकीतून येणारा उजेड, दाराशी एका खुर्चीची पाठ. माणूस एकही नाही.

बघायला येणारे आपापल्या परीने अर्थ लावायचे. बेबीबाई म्हणाली, "दवाखाना हाय का वो हा?" कुणी म्हणालं शाळा. कुणी म्हणालं, खालचं राहून गेलं असेल काढायचं, म्हणून हार घातला असेल. शकुनबाई त्यांना चहा द्यायची. तिने तिचा अर्थ केव्हाच लावून टाकला होता. पोराने शेवटचं चित्र काढलं, त्यात आई नाही, हर्षा नाही, अड्याळ नाही, घर नाही. ज्या खोलीत तो एकटा बसून राहायचा तीच त्याला शेवटी आपली वाटली. आपण त्याच्या मनातून आधीच गेलो होतो. लाजेने म्हणा, की त्या दिवशी हसलो म्हणून म्हणा. वर्षभर ती त्या चित्राकडे मान वर करून पाहायची. शेवटी शेवटी ती दारातून जाताना वर पाहीनाशी झाली.

म्हणून वर्षाने कमलेश एक कागद घेऊन आला आणि म्हणाला, की अंकुशचं चित्र त्याच कलादालनात कायमचं लावायचं ठरलंय, तुमची संमती पाहिजे, तेव्हा तिने एका शब्दाने नाही म्हटलं नाही. चष्मा लावून नाव लिहिलं. अंकुशनेच शिकवलं होतं लिहायला.

"ने गा," ती म्हणाली. "तिथलंच हाय ते. इथं पाहून पाहून मले रडूच येते."

ती चहा ठेवायला आत गेली. कमलेशने चित्र उतरवलं, चादरीत गुंडाळलं. हार टाईलवर तसाच पडून राहिला. चित्र लावायच्या दिवशी कार्यक्रम आहे, तुम्ही यायचंच, असं तो जाताना बजावून गेला.

हर्षा तिला बसने घेऊन गेली. कलादालनात पाय ठेवताच शकुनबाईने ती खोली ओळखली. त्याच पांढऱ्या भिंती, तीच उंच खिडकी. दाराशी तीच खुर्ची, आता तिच्यावर कुणी दुसराच पोरगा बसला होता. खाली चकचकीत फरशी. तीस-चाळीस माणसं जमली होती आणि सगळी कुजबुजत बोलत होती, मयतीत बोलतात तशी.

चित्र समोरच्या भिंतीवर होतं, माणसाच्या डोळ्यांच्या उंचीवर, वरून दिवा सोडलेला. हार नव्हता. पण तिला गर्दीतून नुसती चौकटीची कड दिसत होती.

पुण्याहून आलेले एक पाहुणे चित्राचा अर्थ सांगत होते. माणूस विद्वान होता आणि मनापासून बोलत होता, त्याला नावं ठेवण्यात अर्थ नाही. ते म्हणाले, कलावंताने ही खोली जशीच्या तशी रंगवली आहे, फक्त जमीन बदलली आहे. फरशीच्या जागी लाटा आहेत. एकाकीपणाचा समुद्र या रिकाम्या दालनात शिरलाय. म्हणून इथे माणूस नाही. ही खुर्ची बुडणाऱ्या माणसाची आहे.

शकुनबाईला यातलं 'माणूस नाही' एवढं कळलं. ते तर तिला ठाऊकच होतं. समुद्र मात्र तिच्या कानाला खटकला. अंकुशने समुद्र कधी पाहिला नव्हता. त्याने पाहिलेलं मोठ्यात मोठं पाणी म्हणजे पवनीची वैनगंगा.

टाळ्या झाल्या, माणसं चहाकडे वळली, आणि ती चित्रासमोर उभी राहिली. पहिल्यांदाच. वर्षभर घरात असलेल्या चित्राची जमीन तिने पहिल्यांदा पाहिली.

दोन ओळी जवळजवळ. मग एक रिकामी जागा. मग करंगळीची एकटी बारीक ओळ.

पंख्याशेजारी पंखा. समोरच्या भिंतीपासून सुरू झालेले, मागे मागे येत येत दारापर्यंत आलेले. खिडकीतला उजेड त्यांच्यावर पडून चकाकत होता, कारण जमीन ओली होती. आत्ता सारवलेली होती. कोपऱ्यात हात वळायला जागा कमी पडते तिथे ती पंखा अर्धाच ठेवायची. तोही अर्धा होता. आणि दाराजवळच्या शेवटच्या पंख्यात, खुर्चीच्या पायाशी, रिकाम्या जागेत एक ओळ होती. वाकडी, लहान बोटाची.

शकुनबाईने आपला हात वर केला. बोटं काचेला लागली.

"मावशी, हात नका लावू," खुर्चीवरचा पोरगा म्हणाला. त्याचं कामच होतं ते.

"नाही लावत बाप्पा," ती म्हणाली, आणि तिथेच मटकन खाली बसली. हर्षा धावली, कमलेश धावला, कुणी पाणी आणलं. तिने ते बाजूला सारलं.

"हर्षा, पाह्य वो," ती म्हणाली. "माहं सारवण हाय. तो म्हणे लाटा. लाटा नोहोत त्या. आत कोणी नाही, कारन जमीन ओली हाय. वाळली नाही अजून. मी आत्ताच भायेर आलो अन् तो दारात बसला हाय, दिसत नाही एवढंच. वाळल्यावर येतीन ना सारे आत."

हर्षाने चित्राकडे पाहिलं, आईच्या हाताकडे पाहिलं, आणि ती रडू लागली.

कमलेश तिच्याशेजारी फरशीवर बसला. मग म्हणाला, "काकू, तो मला सांगायचा, आमच्या घरची जमीन दर आठवड्याला नवी असते. ती पाहायलाच मी अड्याळला येणार होतो. पण तेव्हा त्याचं दुखणं वाढलं होतं. तुम्हाला ते कळू नये म्हणून त्यानं मला थांबवलं." तो चित्राकडे वळला. "अन् हे चित्र काढताना म्हणायचा, प्रदर्शन लागलं की आईला आणायचं, तिला आधी काही सांगायचं नाही. पाहू, ओळखते का. मला वाटलं, खुर्ची ओळखायची. मला काय माहीत काकू."

पाहू, ओळखते का. वर्षभर ते दारावर होतं, आणि तिने त्याच्यावर हार घातला होता.

कमलेश म्हणाला, मी बोलतो, कागद परत घेऊ, चित्र तुमचं आहे, आजच घेऊन जा. शकुनबाई उठून उभी राहिली. चित्राकडे पाहत राहिली. मग तिने मान हलवली.

"राहू दे इथंच," ती म्हणाली. "घरी टाईल हाय. इथं तरी जमीन हाय माही."

अड्याळला परतल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी ती टोपलं घेऊन बेबीबाईच्या गोठ्यात गेली. शेण आणलं, माती कालवली, आणि दाराशी, रिकाम्या खिळ्यांच्या खाली, टाईलवर उकिडवी बसली. अंकुश गेल्यापासून तिने कुणाचंच अंगण सारवलं नव्हतं, हाताला सवय राहिली नव्हती. शिवाय टाईल धरून ठेवत नाही, शेण नुसतं घसरतं. तरी तिने ओढलेच पंखे, दोन हातभर जागेत, आणि मागे मागे सरकत दाराबाहेर आली. हात धुतले. उंबरठ्यावर बसून राहिली, वाळेपर्यंत.

दुपारी ऊन आत आलं तशी सारवणाला चीर गेली. संध्याकाळपर्यंत पोपडे सुटले, पापडासारखे, आणि खालून निळी फुलं दिसू लागली. तिने ते केरसुणीने लोटले नाहीत. हाताने एकेक उचलून सुपात ठेवले. काहींवर ओळी होत्या.

सकाळी ती पुन्हा टोपलं घेऊन बेबीबाईच्या दारात उभी राहिली.

"आज माती जास्त मिसळून पाहतो," ती म्हणाली.

बेबीबाई तिच्याच वयाची, तिच्यासोबत रोवणी केलेली. तिने शकुनबाईच्या हातातलं टोपलं घेतलं, पण भरलं नाही. "टाईलवर सारवण कधी धरते का वो शकुन?"

"नाही धरत," शकुनबाई म्हणाली. "मले का समजत नाही का? पर तो म्हने ना वो, एक डाव सारवून दाखव."